अर्जुनसाल खरंच हृदयाचा स्नायू वाचवते का? (बाबांचा ईएफ ३५)

पाचपाखाडीकर | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

बाबा ६८ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे छातीत दुखायला लागलं. त्यांना वाटलं पित्त झालंय. आईने ओवा दिला, लिंबूपाणी दिलं. यात अडीच-तीन तास गेले. मग मला फोन, मग रिक्षा, मग अँजिओप्लास्टी. एलएडी म्हणतात त्या मुख्य वाहिनीत अडथळा होता. एक स्टेंट टाकला. जीव वाचला, पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा जेवढा भाग बाहेर ढकलतं तो, ३५ टक्के आला. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून पुढचा भाग पेनाने गिरगटला आणि म्हणाले, "हा भाग नीट हलत नाहीये."

आता घरी सहा गोळ्या सुरू आहेत. रक्तदाब १००/६० च्या आसपास असतो. जिना चढले की धाप लागते.

शेजारच्या काकूंनी आईला अर्जुनसालीचं चूर्ण दुधात उकळून द्यायला सांगितलंय. जांभळी नाक्यावरून पाव किलोचा पुडा घरात येऊन पडलाय. आमच्या सोसायटीच्या मागे अर्जुनाचं मोठं झाड आहे. फिरायला येणाऱ्यांनी हात पोचेल तिथपर्यंत त्याची साल सोलून नेलीय. आई म्हणते, एवढी माणसं उगाच नेतात का? मी शोधायला बसलो तर अर्जुनातल्या एका घटकाने हृदयाच्या स्नायूचं नुकसान टळतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. एकाने तर मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात इथपर्यंत मजल मारलीय. डॉक्टरांना विचारू म्हटलं तर आई म्हणते, "ते रागावतील, नको."

मला खरं काय ते कळायला हवंय. ज्यांना अनुभव आहे किंवा या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

साखरझोप | ३ जून, रात्री ११:०५

काकांना लवकर बरं वाटो. रुमाल टाकून ठेवते, माझ्या सासऱ्यांसाठीही हवंय हे.

कोपरीचा | ३ जून, रात्री ११:३२

बिनधास्त द्या. माझ्या मामांचा ईएफ ३० होता. तीन महिने अर्जुनसालीचं दूध घेतलं, ४५ झाला. रिपोर्ट घरी आहेत. आपल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, आपणच विसरलो.

इको_वाशी | ४ जून, सकाळी ७:१५

कोपरीचा, तुमच्या मामांचा आकडा वाढला याचा आनंद आहे. मी चौदा वर्षं इको करतेय, म्हणून त्या आकड्याबद्दल लिहिते.

झटका आल्यावर हलत नसलेला सगळा स्नायू मेलेला नसतो. काही भाग मेलेला असतो, तिथे पुढे व्रण तयार होतो. काही भाग नुसता बधिर झालेला असतो. रक्त अडलं, मग स्टेंटने अचानक परत आलं, त्या धक्क्याने पेशी जिवंत असूनही काम थांबवतात. हा भाग काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत आपोआप हलायला लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या ईएफवर कोणी पुढचे मोठे निर्णय घेत नाही. गोळ्या नीट सुरू ठेवून साधारण दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. ३० चे ४५ झालेले मी दर आठवड्याला पाहते. त्यात अर्जुन घेणारे असतात आणि न घेणारेही असतात.

पाचपाखाडीकर, ३५ हा काकांचा कायमचा आकडा समजू नका. तीन आठवड्यांत त्याबद्दल काहीच ठरत नाही.

पाचपाखाडीकर | ४ जून, सकाळी ८:०२

ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. खूप आभार.

कोपरीचा | ४ जून, सकाळी ९:२०

ताई, मान्य, मामांच्या गोळ्याही सुरू होत्या. पण सालीचा काहीच वाटा नव्हता हेही सिद्ध होत नाही ना?

प्रयोगशाळा | ४ जून, रात्री ९:४८

कोपरीचांचा मुद्दा बरोबर आहे. एका माणसावरून "होता" म्हणता येत नाही आणि "नव्हता"ही म्हणता येत नाही. मी औषधशास्त्रात एम.फार्म. केलंय, माझा प्रकल्प याच प्रकारच्या प्रयोगांवर होता. त्यामुळे जरा लांब लिहितो.

उंदरांवरचे प्रयोग असे होतात. आयसोप्रोटेरेनॉल नावाचं रसायन एक दिवसाच्या अंतराने दोनदा टोचतात. हृदय बेफाम धावतं, प्राणवायूची मागणी पुरवठ्यापलीकडे जाते, घातक ऑक्सिजन-कण तयार होतात आणि स्नायूपेशींची आवरणं फाटतात. मग पेशींमधलं ट्रोपोनिन आणि सीके-एमबी रक्तात उतरतं. काकांच्या रक्तात त्या पहाटे तेच मोजलं असणार. अर्जुनसालीचा अर्क किंवा तिच्यातलं अर्जुनोलिक ॲसिड दिलेल्या उंदरांत ही गळती कमी दिसते आणि पेशींमधलं ग्लुटाथिओनसारखं संरक्षक द्रव्य टिकून राहतं. असे प्रयोग बऱ्याच जणांनी केलेत आणि निकाल साधारण एकाच दिशेचे आहेत. म्हणजे सालीत काहीतरी आहे, यात मला शंका नाही.

पण या प्रयोगांचा क्रम पाहा. बहुतेक ठिकाणी अर्क आधी देतात, काही दिवस किंवा महिनाभर, आणि मग इजा करतात. उंदराच्या पोटात ढाल आधीच असते. काकांचा वार होऊन गेलाय. संशोधनात ज्याला संरक्षण म्हणतात ते मरणारी पेशी वाचवण्याबद्दल असतं. मेलेली पेशी उठवणं ही निराळी गोष्ट आहे आणि ती अर्जुनाने होते असं कोणी दाखवलेलं नाही.

हृदयाच्या पेशी किती हळू बदलतात तेही सांगतो. २००९ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ च्या खुणेवरून माणसाच्या हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. मोठ्या झटक्यात शंभर कोटींच्या घरात पेशी जाऊ शकतात. या वेगाने ते नुकसान भरून निघत नाही.

निवांत_नेरूळ | ४ जून, रात्री १०:१०

मग माणसांवर काही झालंय की नाही? दर वेळी उंदीरच का?

प्रयोगशाळा | ४ जून, रात्री १०:५५

झालंय. १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या (हृदय दुबळं पडून पुरेसं रक्त ढकलत नाही, अशा) १२ रुग्णांवर सालीचा अर्क वापरला. ५०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे, अगदी खालावलेले रुग्ण होते. त्यांच्यात चांगली सुधारणा दिसली. पण १२ म्हणजे फारच थोडे.

मग २०१६ मध्ये दिल्लीच्या एम्समधून मोठा अभ्यास आला. सुमारे शंभर रुग्ण, नेहमीची औषधं सगळ्यांना, त्यावर निम्म्यांना अर्जुनाचा पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. १२ आठवड्यांनंतर ईएफमध्ये फरक पडला नाही. काही रुग्णांची चालण्याची ताकद आणि बरं वाटण्याचं मोजमाप सुधारलं. उत्तर मोठा होकारही नाही आणि ठाम नकारही नाही.

वैद्यबाई | ५ जून, दुपारी २:३०

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. प्रयोगशाळा यांचं लेखन आवडलं, पण दोन गोष्टींवर मतभेद नोंदवते.

पहिली, एम्सने पाण्यातला अर्क वापरला. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात अर्जुनसाल तूप, दूध किंवा गुळाच्या पाण्यासोबत घ्यायला सांगितलीय. क्षीरपाकाची रीत ठरलेली आहे: एक भाग भरड, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. अर्जुनोलिक ॲसिडसारखी द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. स्नेहासोबत, म्हणजे तूप-दुधातल्या स्निग्धांशासोबत, ती अधिक येत असतील तर पाण्याचा अर्क तपासून क्षीरपाकाबद्दल निकाल कसा देणार?

दुसरी, आमच्याकडे औषध माणूस पाहून देतात. अर्जुन कषाय (तुरट) रसाचा, स्तंभक, म्हणजे मल बांधणारा. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला दिला तर कुंथावं लागतं, आणि झटक्यानंतरच्या दिवसांत कुंथणं हृदयाला अजिबात चालत नाही. शेजारच्या काकूंनी हे विचारलं होतं का?

आणि पाचपाखाडीकर, हे ठळक अक्षरांत समजा: माझ्याकडे येणाऱ्या एकाही रुग्णाची हृदयाची गोळी मी आजवर बंद केलेली नाही. स्टेंट ताजा असताना रक्त पातळ करणारी गोळी चुकवली तर स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते. ते आमच्या हाताबाहेरचं आहे.

प्रयोगशाळा | ५ जून, दुपारी ३:१५

क्षीरपाकाचा मुद्दा पटला. तो तसाच, नीट, मोठ्या संख्येने तपासायला हवा. फक्त तोवर "काम करतो" हे गृहीत धरता येणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

वैद्यबाई | ५ जून, दुपारी ३:४०

त्यावर वाद नाही.

आजोळ | ५ जून, रात्री ८:२०

गोळी चुकवण्यावरून लिहिते, लिहिताना अजून हात थरथरतो. माझ्या मोठ्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी "आता काढा सुरू आहे, किती गोळ्या खायच्या" म्हणत चार महिन्यांनी सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या. घरात कोणालाच कळलं नाही, कारण रिकाम्या पट्ट्या ते तशाच डब्यात ठेवायचे. गणपतीत पाय सुजले, रात्री झोपता येईना, उशा लावून बसून राहायचे. आयसीयूत नऊ दिवस काढले. वाचले, पण आधीसारखे राहिले नाहीत. काढ्याने त्यांचं काही बिघडवलं नाही. काढ्यावरच्या भरवशाने बिघडवलं.

साखरझोप | ५ जून, रात्री ८:४४

आजोळताई, मिठी तुम्हाला.

निवांत_नेरूळ | ६ जून, सकाळी ६:५०

म्हणजे झाडपाल्यात अर्थ नाही असंच शेवटी निघणार का? मला ते पटत नाही. झाडांपासून कितीतरी औषधं आली आहेत.

प्रयोगशाळा | ६ जून, रात्री ९:३०

अर्थ आहे तर! उलट सगळ्यात मोठं उदाहरण पाचपाखाडीकरांच्याच घरात असण्याची शक्यता आहे. काकांच्या सहा गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा.

१८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं काढलं गेलं. १८८६ मध्ये जर्मनीत फॉन मेरिंग यांना दिसलं की ते दिल्यावर लघवीतून साखर जाते. म्हणजे मूत्रपिंड जी साखर गाळून परत घेतं, ती वाट ते बंद करतं. पण तोंडाने घेतलं तर ते आतड्यातच तुटतं, शिवाय आतड्यातली साखर शोषणारी वाटही अडवतं, मग जुलाब. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी रेणूचा एक सांधा बदलला, तो आतड्यात टिकू लागला आणि मुख्यतः मूत्रपिंडावर काम करू लागला. झाली मधुमेहाची औषधं, वरची दोन्ही त्यांतलीच. ती घेणाऱ्या मधुमेहींमध्ये हार्ट फेल्युअरने रुग्णालयात जावं लागणं कमी झालेलं दिसलं. मग २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन ईएफ ४० किंवा त्याहून कमी असलेल्या ४,७४४ रुग्णांवर मुद्दाम तपासलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हताच. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, हे निष्क्रिय गोळीवाल्यांत २१.२ टक्क्यांना झालं, औषधवाल्यांत १६.३ टक्क्यांना.

पाचपाखाडीकर | ६ जून, रात्री १०:०५

आत्ता उठून डबा उघडला. डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम, सकाळची गोळी. आई विचारत होती, "यांना साखर नाही, मग साखरेची गोळी का?" आणि मनातून तिला ती बंद करायची होती. तिला सगळं सांगितलं. पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "ही पण सालच आहे म्हण की."

वैद्यबाई | ६ जून, रात्री १०:२०

आईंना माझा नमस्कार सांगा.

कोपरीचा | ६ जून, रात्री १०:३१

हे जबरदस्त आहे. मामांच्या डब्यातही बघतो.

रानवाट | ७ जून, सकाळी ७:४०

अवांतर, पण झाडाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं. येऊरच्या जंगलात झाडं बघत फिरतो म्हणून लिहितोय.

एक, ते झाड अर्जुनच आहे ना? अर्जुनाचं (आपला अर्जुनसादडा) खोड गुळगुळीत, करडं-पांढुरकं, मधूनच गुलाबीसर, आणि त्याचे मोठे पापुद्रे आपोआप सुटतात. त्याचाच भाऊबंद ऐन, येऊरमध्ये भरपूर. त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. दोघांच्या फळांना पंख असतात, म्हणून लोक फसतात. बाजारच्या अर्जुनसालीत कधीकधी ऐनाची साल मिसळलेली असते. दळून चूर्ण केल्यावर कोण ओळखणार?

दोन, शहरी भागांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यात झाडाला कसलीही इजा करणं हे तोडण्यातच मोजलंय. खोडाभोवती पूर्ण गोल साल निघाली तर झाड मरतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं.

पाचपाखाडीकर | ७ जून, सकाळी ९:१०

अर्जुनच आहे, पांढुरकं खोड. गोल पूर्ण गेलेली नाही, मागची हातभर पट्टी शाबूत आहे. काय करावं? डांबर लावू का?

रानवाट | ७ जून, सकाळी ९:२५

डांबर, रंग, काही नको. लोंबणारे तुकडे धारदार सुरीने साफ करा आणि जखम मोकळी ठेवा. कडेने नवी साल आत सरकत येते. माणसं मात्र लांब ठेवा.

निवांत_नेरूळ | १९ जुलै, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. काल येऊरच्या पायथ्याशी कळलावी फुललेली पाहिली. कोणीतरी म्हणालं तिच्यातूनही हृदयाचं औषध निघतं. खरं आहे?

रानवाट | १९ जुलै, सकाळी ११:२०

फुलाचा फोटो काढा, कंदाला हात लावू नका. अतिशय विषारी. महामार्गाच्या दुभाजकावरची कण्हेर आणि बागेतली बिट्टीही तशीच, थेट हृदयाचे ठोके बिघडवतात.

प्रयोगशाळा | १९ जुलै, रात्री ९:१५

कळलावीत कोल्चिसिन असतं. मुळात ते गाऊटचं (सांधे सुजून दुखण्याच्या एका आजाराचं) औषध. दाह कमी करतं, म्हणून हृदयासाठी तपासलं. २०१९ मध्ये झटक्यानंतरच्या ४,७४५ रुग्णांत फायदा दिसला. २०२४ मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांत, तसंच झटक्यानंतर, दिसला नाही. असंही होतं. डिजिटॅलिस या वनस्पतीचंही तसंच. विल्यम विदरिंग यांनी त्या पानांबद्दल १७८५ मध्ये लिहिलं, आणि डिजिटॅलिसपासून मिळणाऱ्या डिगॉक्सिन या औषधाने आयुष्य वाढतं का याचा मोठा अभ्यास यायला १९९७ उजाडलं. ६,८०० रुग्ण होते. मृत्यू कमी झाले नाहीत, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या. औषध आणि विष यांतलं अंतर त्यात इतकं थोडं की रक्तातली पातळी मोजून देतात.

आजोळ | २० जुलै, दुपारी १:०५

पाचपाखाडीकर, काका कसे आहेत? मूळ प्रश्नाचं पुढे काय झालं? डॉक्टरांना विचारलंत का?

पाचपाखाडीकर | २१ जुलै, रात्री १०:३०

विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सध्या रक्तदाब कमी आहे आणि मला दोन गोळ्यांचा डोस हळूहळू वाढवायचाय. मध्येच तिसरी गोष्ट आली तर चक्कर कशाने आली ते मला कळणार नाही. पहिले तीन महिने माझ्या हातात द्या." आणि दूधही दिवसाच्या दीड लिटर पाण्यातच मोजायचं, हे सांगितलं. ते आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई गाडीत गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "मग मी काय करू यांच्यासाठी?" मला उत्तर सुचेना.

इको_वाशी | २१ जुलै, रात्री १०:५०

त्यांना वजनाची वही द्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरांना फोन. सोबत पाय सुजलेत का ते बोटाने दाबून बघायचं. आणि लोणचं-पापड त्यांच्याच ताब्यात. आमच्याकडे येणारे निम्मे लोक या वहीच्या अभावी परत दाखल होतात असं मला वाटतं.

पाचपाखाडीकर | १४ सप्टेंबर, सायंकाळी ७:२०

परवा इको झाला. ईएफ ४२.

पुढच्या भागाचं टोक अजून हलत नाही आणि ते हलणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाजूचा भाग मात्र जागा झालाय. बाबा कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारतात, मध्ये एकदा बसतात. आईची वही भरत आली. ऑगस्टमध्ये एकदा दोन दिवसांत दीड किलो वाढलं, कारण लग्नाचं जेवण. तिने स्वतः फोन लावला, अंगातलं पाणी काढणारी गोळी दोन दिवस वाढवली, उतरलं. तिने फोन केला नसता तर मी "थांब, उद्या बघू" म्हणालो असतो. पहाटेच्या त्या तीन तासांचं तिच्या मनातून जात नाही. ती बोलत नाही, पण मला कळतं.

इको_वाशी ताई, पहिल्या दिवशी तुम्ही "३५ कायमचा समजू नका" म्हणालात, त्यावर बाबा तीन महिने तगले.

इको_वाशी | १४ सप्टेंबर, रात्री ८:०५

४२! फार बरं वाटलं वाचून. काकांना सांगा, मध्ये बसायचं ते बसायचंच.

कोपरीचा | १४ सप्टेंबर, रात्री ८:४०

अभिनंदन! मामांच्या डब्यातही तीच गोळी निघाली. मी आता सालीचं श्रेय जपून देतो. झाडाचं काय?

पाचपाखाडीकर | १४ सप्टेंबर, रात्री ९:००

सोसायटीने छातीएवढ्या उंचीची जाळी लावली. पावसात कडेने बोटभर नवी साल आलीय, फिकट गुलाबी. रानवाट, फोटो पाठवतो.

साखरझोप | १४ सप्टेंबर, रात्री ९:१५

आणि तो पाव किलोचा पुडा?

पाचपाखाडीकर | १४ सप्टेंबर, रात्री ९:२२

कपाटात आहे. आईने त्यावर दुकानाचं नाव आणि आणल्याची तारीख लिहिलीय. पुढच्या तपासणीला ती तो स्वतः घेऊन जाणार आहे, डॉक्टरांना दाखवायला.